नॉर्म जागचा हलत नाही, तरी आयगेनव्हॅल्यू बरोबर कशी येते?

गोव्यात जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबींना बहुतेक जण इतिहासकार म्हणून ओळखतात. पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सवही भरतो. पेशाने मात्र ते गणितज्ञ होते. १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक निबंध छापला. यदृच्छेने बदलणारे फंक्शन परस्परांना लंब असलेल्या सुट्या घटकांत कसे मांडायचे, हा त्याचा विषय. हीच मांडणी पुढे कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे केली, आणि आता ती तिघांच्या नावांनी ओळखली जाते. समुद्रविज्ञानात आणि हवामानशास्त्रात तिचेच आकड्यांतले रूप ईओएफ (एम्पिरिकल ऑर्थोगोनल फंक्शन) या नावाने रोज वापरात असते.

हा विस्तार आकड्यांत उतरवायचा तर एका इंटिग्रल ऑपरेटरच्या, म्हणजे फंक्शन घेऊन इंटिग्रलने नवे फंक्शन देणाऱ्या क्रियेच्या, आयगेनव्हॅल्यू काढाव्या लागतात. आयगेनव्हॅल्यू म्हणजे अशी संख्या, की ऑपरेटर लावल्यावर एखादे शून्येतर फंक्शन नुसते तितक्या पट होते. संगणकाला इंटिग्रल ऑपरेटर देता येत नाही, मॅट्रिक्स द्यावी लागते. म्हणून ऑपरेटरच्या जागी १० × १० ची मॅट्रिक्स घेतो, मग २० × २० ची, मग १०० × १०० ची, आणि मॅट्रिक्स वाढवत नेली की तिच्या आयगेनव्हॅल्यू खऱ्या आयगेनव्हॅल्यूंकडे जातील असे धरून चालतो. त्या तशा जातात. पण फंक्शनल अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या अभ्यासक्रमात याची हमी देणारे जे प्रमेय शिकवतात, त्याची अट इथे कधीच पूर्ण होत नाही. ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात असो की पुण्यात, एमएस्सीच्या विद्यार्थ्याला नेमका इथे प्रश्न पडायला हवा, आणि त्याचे उत्तर फार सुंदर आहे.

हिशेबासाठी एक ऑपरेटर

पावसाळ्याचे चार महिने घेऊ. १ जूनला ० म्हणू, ३० सप्टेंबरला १. मधे १२२ दिवस. रोजच्या पावसाचा सरासरीपासूनचा फरक मोजला आणि तो दिवसेंदिवस साठवत गेलो, तर साठलेल्या फरकाचा एक वर-खाली होणारा आलेख मिळतो. रोजचे फरक एकमेकांशी असंबद्ध आणि सारख्याच विखुरलेपणाचे मानले, तर प आणि ब या दोन वेळांच्या साठ्यांमधले सहविचरण (कोव्हेरिअन्स) दोघांतल्या लहान वेळेच्या प्रमाणात असते. गोव्याचा खरा पाऊस असा वागत नाही. तो लागला की आठवडाभर लागतो, उघडला की सलग उघडतो, आणि जुलैची चढउतार सप्टेंबरसारखी नसते. तरी हे मॉडेल घेण्याचे कारण असे, की त्याचे उत्तर कागदावर पूर्ण काढता येते आणि संगणकाचे उत्तर त्याच्याशी ताडून बघता येते.

ऑपरेटरला अ म्हणू. ग हे ० ते १ वरचे सतत फंक्शन. अ-ची कृती अशी: प ही वेळ धरायची, प्रत्येक ब साठी ‘प आणि ब यांतला लहान’ हा आकडा ग(ब) ने गुणायचा, आणि त्या गुणाकाराचे ब वर ० पासून १ पर्यंत इंटिग्रल घ्यायचे. याची क-वी आयगेनव्हॅल्यू

४ / (पाय² × (२क − १)²)

इतकी येते. पहिल्या तीन ०.४०५२८५, ०.०४५०३२ आणि ०.०१६२११. सगळ्यांची बेरीज नेमकी ०.५. म्हणजे एकूण विचरणातला (व्हेरिअन्समधला) ८१ टक्के वाटा एकट्या पहिल्या घटकाचा, ९ टक्के दुसऱ्याचा, ३.२ टक्के तिसऱ्याचा.

आता मॅट्रिक्स. १९३० साली फिनलंडच्या नीस्ट्रमने दिलेली पद्धत सरळ आहे. ० ते १ चे म सारखे भाग करा, प्रत्येक भागाचा मध्यबिंदू घ्या, आणि इंटिग्रलच्या जागी त्या म बिंदूंवरच्या किमतींची बेरीज करून १/म ने गुणा. म = २ चे गणित हातानेही होते. मध्यबिंदू ०.२५ आणि ०.७५, मॅट्रिक्सची पहिली ओळ ०.१२५, ०.१२५ आणि दुसरी ०.१२५, ०.३७५. कर्णाची बेरीज ०.५, डिटर्मिनंट ०.०३१२५. त्यावरून आयगेनव्हॅल्यू ०.४२६७७७ आणि ०.०७३२२३. दोनच बिंदू घेऊन पहिली आयगेनव्हॅल्यू सव्वापाच टक्क्यांच्या फरकाने आली.

पुढचे आकडे असे: म = ४ ला ०.४१०५३३, म = १० ला ०.४०६११९, म = २० ला ०.४०५४९३, आणि रोजची एक नोंद धरून म = १२२ ला ०.४०५२९०. चूक जवळपास १/(१२म²) इतकी आहे. बिंदू दुप्पट केले की ती चौथाईवर येते.

इथे लगेच एक सावधगिरी. १/(१२म²) ही चूक पहिल्या आयगेनव्हॅल्यूला जेवढी, सुरुवातीच्या बाकीच्यांनाही साधारण तेवढीच लागते. पण पुढच्या आयगेनव्हॅल्यू स्वतःच बारीक होत जातात, त्यामुळे त्यांच्या मानाने चूक मोठी होते. म = १० ची मॅट्रिक्स दहा आयगेनव्हॅल्यू देते; दहावी म्हणून ती ०.००२५२ दाखवते, खरी ०.००११२ आहे. दुपटीहून जास्त. या ऑपरेटरपुरता नियम असा ठेवावा, की म बिंदूंतून आलेल्या आयगेनव्हॅल्यूंपैकी पहिल्या दहाव्या हिश्श्यावरच एक टक्क्याच्या आतला भरवसा ठेवायचा. १२२ बिंदू असतील तर पहिल्या बारा. शेपटाकडच्या आकड्यांवरून पावसाविषयी काही अनुमान काढले, तर ते अनुमान मध्यबिंदूंच्या जाळीविषयीचे असते.

जवळ येणे म्हणजे नेमके काय

ऑपरेटरांची क्रमिका अ(१), अ(२), अ(३)… ही अ कडे जाते, याचे तीन अर्थ पाठ्यपुस्तकांत असतात.

सर्वांत कडक अर्थ नॉर्मचा. अ(म) − अ या फरकाचा नॉर्म शून्याकडे जायला हवा. नॉर्म म्हणजे कमाल उंची १ असलेल्या सगळ्या फंक्शनांवर तो ऑपरेटर जास्तीत जास्त किती मोठे उत्तर देऊ शकतो तो आकडा. इथे एकच म सगळ्या फंक्शनांना एकदम पुरा पडला पाहिजे.

दुसरा अर्थ बिंदुशः अभिसरणाचा, ज्याला वर्गात ‘स्ट्राँग’ म्हणतात. एक फंक्शन ग हातात घ्या, अ(म)ग हे अग कडे जाते का बघा. प्रत्येक ग साठी हे व्हावे, पण एकाला म = १० पुरेल, दुसऱ्याला दहा लाख लागतील, आणि ते चालते. नावात ‘स्ट्राँग’ असले तरी ही अट पहिलीपेक्षा बरीच सैल आहे.

तिसरा, ‘वीक’ अभिसरणाचा अर्थ आणखी सैल: अ(म)ग ला कुठल्याही ठरावीक मापाने मोजले तर ते माप जुळत जाते, एवढेच. अनंत क्रमिकांच्या अवकाशात प्रत्येक पद एकेक घर उजवीकडे सरकवणारा ऑपरेटर घ्या आणि तो म वेळा लावा. लांबी तेवढीच राहते, पण सगळा ऐवज दूर सरकत गेल्यामुळे कुठल्याही ठरावीक मापाला शेवटी शून्यच दिसते. आयगेनव्हॅल्यूंच्या कामात या तिसऱ्या अर्थाचा फारसा उपयोग होत नाही, म्हणून तो इथेच सोडतो.

नॉर्मने अभिसरण झाले, तर आयगेनव्हॅल्यू नीट वागतात हे जुने प्रमेय आहे. मग आपल्या पावसाच्या उदाहरणात फरकाचा नॉर्म किती?

अ चा नॉर्म ०.५ आहे. अ(म) चाही, म काहीही असो, नेमका ०.५. आणि फरकाचा नॉर्म? म = २ ला १. म = १० ला १. म = १० लाख घेतले तरी १. शून्याकडे जाण्याचे लांबच, फरक मूळ ऑपरेटरच्या दुप्पट मोठा आहे आणि तसाच राहतो.

कारण पकडायला एक फंक्शन पुरते. म मध्यबिंदूंवर प्रत्येकी एक अतिशय अरुंद सुळका उभा करा, टोकाला किंमत +१. सुळके सोडून बाकी सगळीकडे किंमत −१. हे फंक्शन सतत आहे, कमाल उंची १. अ(म) फक्त मध्यबिंदूंवर बघतो, त्याला सगळीकडे +१ दिसते, आणि प = १ ला तो +०.५ उत्तर देतो. अ पूर्ण इंटिग्रल घेतो. सुळक्यांची रुंदी नगण्य असल्यामुळे त्याचे उत्तर −०.५ च्या अगदी जवळ. फरक १. बिंदू कितीही वाढवा, त्या नव्या बिंदूंवर बेतलेले नवे सुळके उभे करता येतात.

तेव्हा नॉर्मचे प्रमेय लागू नाही. बिंदुशः अभिसरण मात्र आहे, कारण ठरावीक सतत फंक्शनासाठी मध्यबिंदूंची बेरीज इंटिग्रलकडे जातेच. पण ते पुरेसे आहे का?

बिंदुशः अभिसरण का पुरत नाही

ज्यांच्या वर्गांची बेरीज सांत आहे अशा अनंत क्रमिकांचे अवकाश घ्या. म-वा ऑपरेटर क्रमिकेचे फक्त म-वे पद ठेवतो, बाकी सगळी पदे शून्य करतो. क्रमिकेची पदे शून्याकडे जात असल्यामुळे हा ऑपरेटर प्रत्येक क्रमिकेवर शून्याकडे जातो. मर्यादा म्हणजे शून्य ऑपरेटर, आणि त्याची एकच आयगेनव्हॅल्यू, ०. पण क्रमिकेतल्या प्रत्येक ऑपरेटरला १ ही आयगेनव्हॅल्यू आहे. संगणक दर पायरीला छातीठोकपणे १ दाखवत राहील, आणि ती १ कुठूनही आलेली नाही. अशा भुताटकीच्या आयगेनव्हॅल्यूंना स्पेक्ट्रमचे प्रदूषण म्हणतात. स्पेक्ट्रम म्हणजे ज्या य साठी य − अ ला नीट व्यस्त मिळत नाही, त्या संख्यांचा संच; आयगेनव्हॅल्यू त्यातच येतात. आकडा स्थिर राहिला म्हणजे तो खरा, या समजुतीवर भरवसा ठेवणाऱ्याची इथे पूर्ण फसगत होते.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे. म-वा ऑपरेटर पहिली म पदे जशीच्या तशी ठेवतो, पुढची शून्य करतो. मर्यादा म्हणजे काहीच न बदलणारा एकक ऑपरेटर, त्याच्या स्पेक्ट्रममध्ये फक्त १. पण प्रत्येक पायरीला ० ही आयगेनव्हॅल्यू हजर, तीही अनंत वेळा.

म्हणजे नॉर्मची अट गरजेपेक्षा कडक, बिंदुशः अट गरजेपेक्षा सैल. मधली, नेमक्या मापाची अट हवी.

मधली अट

फिलिप अन्सेलोन यांनी १९६० च्या दशकात मांडलेली कल्पना अशी: सुळक्यांचे फंक्शन कितीही वेडेवाकडे असू दे, ऑपरेटरमधून गेल्यावर त्याचे काय होते ते बघा. आपल्या उदाहरणात ग ची उंची १ च्या आत असली, की अग आणि अ(म)ग या दोघांचाही चढ कुठेच १ पेक्षा जास्त नसतो, उंची ०.५ च्या वर जात नाही, आणि प = ० ला दोघेही शून्य असतात. सगळे म, सगळी ग. तरी उत्तरे या एकाच सुबक कुळात येऊन पडतात. सगळ्या अ(म) नी मिळून दिलेली उत्तरे एका संहत (कॉम्पॅक्ट) संचात मावतात, म्हणजे त्यांतल्या कुठल्याही क्रमिकेतून एकवटत जाणारी उपक्रमिका निवडता येते. याला सामूहिक संहतता म्हणतात. एकदा ऑपरेटरमधून गेलेल्या फंक्शनात सुळके उरत नाहीत, आणि जिथे सुळके नाहीत तिथे मध्यबिंदूंची बेरीज फसत नाही.

याच विचाराचे आणखी सैल आणि हाताळायला सोपे रूप म्हणजे न्यू-अभिसरण. न्यू हे ग्रीक अक्षर. मारिओ आउएस, आलँ लार्जिये आणि मुंबईच्या आयआयटीतले बाळमोहन लिमये यांनी स्पेक्ट्रमच्या गणनेचा २००१ साली जो पद्धतशीर सिद्धांत मांडला, त्यात ही व्याख्या मध्यवर्ती आहे. अटी तीन:

एक, अ(म) चे नॉर्म एका मर्यादेच्या आत राहावेत.
दोन, (अ(म) − अ)अ चा नॉर्म शून्याकडे जावा.
तीन, (अ(म) − अ)अ(म) चा नॉर्म शून्याकडे जावा.

फरक थेट मोजायचा नाही. आधी अ किंवा अ(म) मधून फंक्शन जाऊ द्यायचे, मग फरक मोजायचा.

आपल्या उदाहरणात हे मोजता येते. ऑपरेटरमधून गेलेल्या फंक्शनाची उंची ०.५ च्या आत आणि चढ १ च्या आत. ‘प आणि ब यांतला लहान’ या गाभ्याची (कर्नेलची, म्हणजे इंटिग्रलमध्ये ग ला गुणणाऱ्या फंक्शनाची) उंची १ च्या आत, चढही १ च्या आत. दोघांच्या गुणाकाराचा चढ म्हणून १.५ च्या आत. चढ च असलेल्या फंक्शनावर मध्यबिंदूंच्या बेरजेची चूक च/(४म) हून जास्त नसते. तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीतले दोन्ही नॉर्म ३/(८म) च्या आत. म = १०० ला ०.००३७५. फरकाचा नॉर्म मात्र तेव्हाही १ वरच आहे! हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत, असे मला मनापासून वाटते. व्याख्या कशासाठी केली, ते त्यांतून दिसते.

भुताटकीच्या दोन उदाहरणांवरही ही अट लावू. फक्त म-वे पद ठेवणाऱ्या ऑपरेटरची मर्यादा शून्य, म्हणून दुसरी अट आपोआप पुरी होते. पण तिसऱ्या अटीतला गुणाकार त्या ऑपरेटरचा स्वतःशीच आहे, तो पुन्हा तोच ऑपरेटर, नॉर्म १. तिसरी अट त्याला अडवते. पहिली म पदे ठेवणाऱ्या ऑपरेटरला तिसरी अट शून्यावर सुटते, पण दुसऱ्या अटीत नॉर्म १ वर अडतो. दोन्ही अटी का लागतात ते यावरून कळेल. एकीवर भागत नाही.

सामूहिक संहतता आणि बिंदुशः अभिसरण दोन्ही असतील, आणि मर्यादा संहत असेल, तर न्यू-अभिसरण होतेच. नॉर्मने अभिसरण असेल तरीही होते. एका व्याख्येत दोन्ही कुळे आली.

या अटींतून स्पेक्ट्रम कसा सांभाळला जातो

युक्ती लहान आहे आणि ती एकदा कागदावर करून बघण्यासारखी आहे. य ही शून्येतर संख्या अ च्या स्पेक्ट्रमच्या बाहेर असू द्या, आणि य − अ च्या व्यस्ताला र म्हणू. (अ(म) − अ)र ला घ म्हटले, तर

य − अ(म) = (१ − घ)(य − अ).

१ − घ ला व्यस्त आहे हे दाखवले की य ही संख्या अ(म) च्या स्पेक्ट्रममध्येही नाही. घ चा नॉर्म १ पेक्षा लहान असता तर काम तिथेच संपले असते, पण तो लहान असेलच असे नाही. त्यातल्या अ(म) − अ चा नॉर्म आपण १ वर अडकलेला पाहिला. मग घ² बघायचा, कारण घ² चा नॉर्म १ पेक्षा लहान असला तरी १ − घ ला व्यस्त मिळतो: (१ + घ)(१ − घ²)⁻¹. आता र = (१/य)(१ + अर) हे वापरून घ² उलगडला, की त्यात दोन तुकडे येतात. एकात (अ(म) − अ)² आहे, आणि तो म्हणजे तिसऱ्या अटीतून दुसरी वजा. दुसऱ्यात (अ(म) − अ)अ आहे, म्हणजे दुसरी अटच. दोन्ही शून्याकडे जातात, घ² ही जातो.

वर १/य आला, हे नजरेतून सुटू देऊ नका. य शून्याजवळ गेला की हा हिशेब कोसळतो. म्हणूनच या सिद्धांतातली प्रत्येक हमी शून्येतर आयगेनव्हॅल्यूंपुरती असते. पावसाच्या आकड्यांत शेपटाकडच्या आयगेनव्हॅल्यू बिघडल्या, त्या शून्याच्याच शेजारच्या.

हमी अशी मिळते. अ ची एखादी शून्येतर, सुटी, सांत पटीची आयगेनव्हॅल्यू घ्या (ती जितक्या वेळा मोजली जाते तो आकडा म्हणजे तिची पट). तिच्याभोवती इतके लहान वर्तुळ काढा, की आत दुसरे काही येणार नाही आणि शून्यही बाहेर राहील. म पुरेसा मोठा झाला की त्या वर्तुळात अ(म) च्या आयगेनव्हॅल्यूंची एकूण पट नेमकी तेवढीच असते. एकही हरवत नाही, एकही आगंतुक नाही.

पट १ पेक्षा जास्त असेल तर मात्र आयगेनव्हॅल्यू सुट्या-सुट्या बघू नयेत. २ × २ ची मॅट्रिक्स घ्या: पहिली ओळ १, १ आणि दुसरी ०, १. आयगेनव्हॅल्यू १, दुहेरी. खालच्या शून्याच्या जागी ०.०००००१ टाका. आयगेनव्हॅल्यू १.००१ आणि ०.९९९ होतात. दहा लाखांशाच्या धक्क्याने हजारांशाची फाकळ. पण दोघांची सरासरी अजून नेमकी १ आहे. म्हणून एकमेकांना चिकटलेल्या आयगेनव्हॅल्यूंचा गुच्छ दिसला की त्यांची सरासरी घ्यावी; चूक किती याचे चांगले अंदाजही त्या सरासरीलाच लागू पडतात. सहविचरणाचे ऑपरेटर सममित असल्यामुळे तिथे ही फाकळ होत नाही, पण वाहत्या पाण्याच्या किंवा वाऱ्याच्या समीकरणांत सममिती नसते आणि तिथे हे नेहमी भेटते.

न्यू-अभिसरणाच्या उणिवा

ही व्याख्या वापरताना एका सवयीला मुरड घालावी लागते. मर्यादा एकच असते, हे इथे खरे नाही. पहिली ओळ ०, १ आणि दुसरी ०, ० अशी मॅट्रिक्स घ्या. तिचा वर्ग शून्य. प्रत्येक म ला हीच मॅट्रिक्स ठेवली, तर ती स्थिर क्रमिका स्वतःकडे जाते आणि शून्याकडेही जाते. तिन्ही अटी दोन्हीकडे पुऱ्या होतात. दोघांचा स्पेक्ट्रम एकच, फक्त ०, त्यामुळे स्पेक्ट्रमच्या दृष्टीने काही बिघडले नाही. पण ‘ऑपरेटर जवळ आला’ असे यावरून म्हणता येणार नाही.

दुसरी उणीव व्यवहारात जास्त भोवते. दोन्ही बाजूंना सारखेच काही मिळवले, तरी अभिसरण मोडू शकते. वरच्याच उदाहरणात दोन्हीकडे एकक मॅट्रिक्स मिळवा, आणि दुसरी अट लगेच अडते. पावसाच्या मोजमापात प्रत्येक नोंदीला स्वतंत्र चूक असते. ती धरली की ऑपरेटरला एककाचा एक पट येऊन मिळतो. अशा वेळी इंटिग्रलच्या भागाचीच मॅट्रिक्स करावी, तिच्या आयगेनव्हॅल्यू काढाव्यात, आणि एककाचा पट शेवटी नुसता बेरजेने मिळवावा.

पहिली अट, नॉर्म मर्यादेत राहण्याची, क्षुल्लक वाटते, पण तीही मोडते. समान अंतरावरच्या बिंदूंची न्यूटन–कोट्स सूत्रे घ्या. टोके धरून ९ बिंदूंच्या सूत्रात पहिल्यांदा ऋण भार (फंक्शनाच्या किमतींना गुणणारे आकडे) येतात, आणि बिंदू वाढवत नेले की भारांच्या निरपेक्ष किमतींची बेरीज अमर्याद होते. मग काही सतत फंक्शनांवर सूत्र इंटिग्रलकडे जातही नाही. मध्यबिंदू, तुकड्या-तुकड्यांचे सिम्प्सन किंवा गाउसची सूत्रे घ्यावीत. त्यांचे सगळे भार धन असतात. गाभ्याला कर्णावर आपल्यासारखा कोपरा असेल, तर वरच्या कोटीच्या सूत्राचा खर्च सहसा वाया जातो, कारण त्याचा वेग गुळगुळीतपणावर अवलंबून असतो. आणि गाभा कर्णावर अनंत होत असेल, उदाहरणार्थ प आणि ब मधल्या अंतराचा लॉगॅरिदम, तर नीस्ट्रमची पद्धत आहे तशी लागूच होत नाही. तिथे लॉगॅरिदमचा भाग हाताने इंटिग्रेट करून भारांतच घालावा लागतो.

अमर्याद ऑपरेटर

डेरिव्हेटिव्ह घेणाऱ्या ऑपरेटरांना नॉर्मच नसतो, तो अनंत असतो. त्यातून प्रत्येक ऑपरेटरचा प्रांत वेगळा, म्हणजे तो कोणत्या फंक्शनांना लागू होतो ते वेगळे. दोन ऑपरेटरांची वजाबाकी करायला दोघांना समाईक फंक्शने तरी हवीत.

एका टोकाला बांधलेली ताणलेली तार घ्या. ऑपरेटर म्हणजे उणे दुसरा डेरिव्हेटिव्ह; प = ० ला फंक्शन शून्य; प = १ ला अट अशी, की डेरिव्हेटिव्ह अधिक ह पट किंमत मिळून शून्य. ह हा दुसऱ्या टोकाच्या स्प्रिंगचा ताठपणा. ह = ० ला टोक मोकळे आणि पहिली आयगेनव्हॅल्यू पाय²/४, म्हणजे २.४६७४. ह = १ ला ती ४.१२, ह = १० ला ८.२०, ह = १०० ला ९.६८. ह अनंताकडे नेला की टोक पक्के बांधले जाते, आणि आयगेनव्हॅल्यू पाय², म्हणजे ९.८७. आकडे डौलात पोचतात. पण ह = १०० चा ऑपरेटर आणि पक्क्या टोकाचा ऑपरेटर यांना समाईक फंक्शने तेवढीच, ज्यांची प = १ ला किंमतही शून्य आणि डेरिव्हेटिव्हही शून्य. या दोघांचे एकही आयगेनफंक्शन त्यांत बसत नाही.

तोशिओ कातो यांनी यासाठी सामान्यीकृत अर्थाचे अभिसरण मांडले. ऑपरेटरऐवजी त्याचा आलेख घ्यायचा, म्हणजे (ग, अग) अशा सगळ्या जोड्यांचे अवकाश. बंद ऑपरेटरचा आलेख बंद उपअवकाश असतो, आणि दोन बंद उपअवकाशांमधली फट मोजता येते: एकातला एकक लांबीचा सदिश दुसऱ्यापासून जास्तीत जास्त किती दूर पडतो, आणि उलटही. ही फट शून्याकडे गेली की अभिसरण झाले. मर्यादित, म्हणजे सांत नॉर्मच्या ऑपरेटरांवर, जिथे ज्याकडे ते जातात त्याचाही नॉर्म सांत आहे, हे नॉर्मच्या अभिसरणाशीच जुळते.

प्रत्यक्षात फट मोजायला कोणी बसत नाही. मर्यादा-ऑपरेटरच्या स्पेक्ट्रमबाहेरची एखादी संख्या य मिळाली, तर य − अ(म) चे व्यस्त नॉर्मने य − अ च्या व्यस्ताकडे जातात का एवढे बघायचे. एका य ला हे झाले की बाहेरच्या प्रत्येक य ला होते. तारेच्या उदाहरणात य = ० चालतो. ह साठीच्या ऑपरेटरचा व्यस्त म्हणजे असा इंटिग्रल ऑपरेटर, ज्याचा गाभा

(प आणि ब यांतला लहान) − (ह / (१ + ह)) × प × ब.

पक्क्या टोकाला ह/(१ + ह) च्या जागी १ येतो. दोघांचा फरक प × ब / (१ + ह), आणि वर्गसंकलनीय फंक्शनांच्या अवकाशात त्याचा नॉर्म १/(३(१ + ह)). ह = १०० ला ०.००३३. ज्या ऑपरेटरांची वजाबाकीही धड करता येत नव्हती, त्यांच्या व्यस्तांमधला फरक एका ओळीत मिळाला.

ह = ० ठेवला की राहतो तो ‘प आणि ब यांतला लहान’, म्हणजे पावसाचाच गाभा. पक्क्या टोकाचा गाभाही आकडेशास्त्रात भेटतो: हंगामाच्या शेवटी एकूण फरक शून्य आहे असे माहीत असेल, तर मधल्या दिवसांचे सहविचरण तोच देतो. त्यामुळे डेरिव्हेटिव्हचे समीकरण समोर आले आणि त्याचा व्यस्त संहत असला, तर आधी व्यस्त घ्यावा, त्याची नीस्ट्रमने मॅट्रिक्स करावी, आणि तिच्यावर न्यू-अभिसरणाच्या तीन अटी तपासाव्यात. आयगेनव्हॅल्यू शेवटी उलट्या करून घ्यायच्या. व्यस्ताच्या मोठ्या आयगेनव्हॅल्यू म्हणजे तारेच्या खालच्या वारंवारिता, आणि त्या नीट येतात. उंच वारंवारिता शून्याच्या शेजारी दाटतात, आणि तिथे मॅट्रिक्सचे उत्तर घेऊ नये: मोकळ्या टोकाच्या तारेला म = १० ची मॅट्रिक्स दहावी आयगेनव्हॅल्यू ३९७.५ सांगते, खरी ८९०.७ आहे.